घरच्या घरी पीनट बटर ब्रेड : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

या लेखातील ब्रेडमध्ये पीनट बटर वरून लावलेले नसते. ते दुधात कालवून पिठातच मिसळलेले असते. त्यात यीस्ट नाही, अंडे नाही, लोणी नाही आणि कणीक तिंबण्याचा खटाटोपही नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिका-कॅनडातील घरांमध्ये अंडी आणि लोणी परवडेनासे झाले, तेव्हा स्निग्धांशासाठी पीनट बटर वापरून असे ब्रेड केले जात. १९३२ साली कॅनडातील ‘फाइव्ह रोझेस’ या नावाचा मैदा विकणाऱ्या कंपनीने काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात ही कृती छापलेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत दुकानांतून यीस्ट नाहीसे झाले आणि ही विस्मृतीत गेलेली कृती इंटरनेटवरून पुन्हा घरोघरी पोहोचली. अंडे न खाणाऱ्या मराठी घरांना ती विशेष सोयीची आहे, कारण अंड्याऐवजी काय घालावे हा प्रश्नच येथे उद्भवत नाही.

खाली दिलेली मापे त्या जुन्या कृतीच्या धर्तीवर आहेत. पीनट बटर मात्र घरीच दळायचे आहे आणि ओव्हनच्या सूचना आपल्याकडच्या छोट्या ओटीजीला (विजेवरच्या घरगुती ओव्हनला) धरून दिल्या आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हा ब्रेड बिघडला की दोष ओव्हनला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो टिन ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच बिघडलेला असतो. म्हणून ओव्हनपेक्षा त्याआधीच्या पायऱ्यांवर मी अधिक लिहिले आहे.

साहित्य आणि साधने

एका टिनसाठी पुढील साहित्य लागते :

- मैदा २५० ग्रॅम
- नेहमीची बारीक दाण्याची साखर १०० ग्रॅम
- बेकिंग पावडर ४ छोटे चमचे (५ मिलीचा चमचा, सपाट भरून)
- मीठ अर्धा छोटा चमचा
- दूध ३२० मिली, उकळून कोमट केलेले
- पीनट बटर १३० ग्रॅम. ते घरी करण्यासाठी कच्चे शेंगदाणे २५० ग्रॅम (उरलेले बटर पोळीला लावायला उपयोगी पडते)

साधनांमध्ये स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा, मिक्सर आणि त्याचे चटणीचे भांडे, मैद्याची चाळणी, साधारण साडेआठ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद असा ब्रेडचा टिन, बेकिंग पेपर, ओटीजी किंवा कन्व्हेक्शन (पंख्याने गरम हवा खेळवण्याची सोय) असलेला मायक्रोवेव्ह आणि ब्रेड गार करण्यासाठी एक जाळी एवढे पुरे आहे. यांपैकी वजनकाट्याला पर्याय शोधू नये. बाजारातला मोजण्याचा कप कधी २४० मिलीचा, कधी २५० मिलीचा असतो, आणि घरातली वाटी तर प्रत्येक घरात निराळी. शिवाय मैद्याच्या डब्यात कप बुडवून भरला की मैदा दाबला जातो आणि कपामागे वीस-पंचवीस ग्रॅम सहज जास्त येतात. दोन कपांत मिळून एवढा मैदा जास्त झाला तर ब्रेड कोरडा आणि भुसभुशीत होतो.

१. शेंगदाणे निवडून घ्या

पुण्याच्या भुसार बाजारात शेंगदाणे जाडा, स्पॅनिश, घुंगरू अशा नावांनी विकले जातात. तिन्हींपासून बटर होते. लहान, गोलसर घुंगरू किंवा स्पॅनिश दाणा मला अधिक आवडतो, पण तेवढ्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही. दाणा नवा असणे जातीपेक्षा महत्त्वाचे आहे. दुकानदाराकडून दोन दाणे मागून चावून पाहावेत. जुन्या दाण्यातील तेलाला खवट वास येतो आणि हा खवटपणा साखर, दूध, भाजणे या कशानेही झाकत नाही. उलट ओव्हनच्या उष्णतेत तो अधिकच उठून दिसतो.

घरी आणल्यावर दाणे परातीत पसरून निवडावेत. सुरकुतलेले, काळपट, हिरवट झाक असलेले आणि बुरशी धरलेले दाणे निर्दयपणे काढून टाकावेत. भुईमुगाची शेंग जमिनीत वाढते, त्यामुळे मातीतील बुरशी तिला लवकर गाठते, आणि नंतर साठवणीत ओल लागली की तिला आणखी वाव मिळतो. ‘अ‍ॅस्परजिलस’ प्रकारच्या बुरशीमुळे दाण्यात तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. कुटात एखादा कडू दाणा आला तर तो तोंडाला कळतो. बटरमध्ये मात्र सगळे एकजीव झाल्यावर दोष शोधून काढता येत नाही.

२. मंद आचेवर भाजा आणि कोमट असतानाच सोला

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, साधारण बारा ते पंधरा मिनिटे दाणे भाजावेत. ओव्हनमध्ये भाजायचे असल्यास ट्रेमध्ये एका थरात पसरून १६० अंश सेल्सिअसला पंधरा ते वीस मिनिटे ठेवावेत आणि मध्ये एकदा हलवावेत. सालीच्या रंगावर विसंबू नये. एक दाणा काढून त्याच्या दोन पाकळ्या वेगळ्या कराव्यात आणि आतला रंग पाहावा. आतून पांढरा असेल तर दाणा कच्चा आहे, फिकट बदामी असेल तर झाला, आणि तपकिरी असेल तर पुढे गेला. मोठ्या आचेवर साल काळी पडते आणि आतला भाग पांढराच राहतो. अशा दाण्याचे बटर एकाच वेळी कच्चट आणि कडू लागते. कढईतून काढल्यावरही दाणे आतल्या उष्णतेने थोडे भाजले जातच राहतात, म्हणून हवा तो रंग येण्याच्या किंचित आधी ते परातीत ओतावेत.

हाताला सोसतील इतके निवले की स्वच्छ पंच्यात चोळून साले काढावीत आणि सुपात पाखडावेत. थोडी साले राहिली तर बिघडत नाही, बटरमध्ये तांबूस ठिपके दिसतात इतकेच. दाण्याचा कूट करताना आपण दाणे पूर्ण गार होऊ देतो, कारण कुटाला तेल सुटलेले चालत नाही. येथे नेमके उलटे हवे आहे. दाणे कोमट असतानाच दळायला घ्यावेत, म्हणजे तेल लवकर सुटते.

३. बटर दळताना धीर धरा आणि पाण्याचा थेंबही जवळ येऊ देऊ नका

नवख्या माणसाचा धीर येथेच सुटतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर भांड्यात काय दिसेल ते सांगतो. चटणीच्या भांड्यात दाणे निम्म्यापर्यंतच भरावेत आणि मिक्सर अर्धा मिनिट फिरवून थांबवावा. आधी आपला ओळखीचा कूट दिसेल. आणखी फिरवले की तो ओलसर होऊन भांड्याच्या कडांना चिकटेल आणि पाते खाली मोकळेच फिरू लागेल. आता झाकण काढून चमच्याने कडा खरवडून सगळे पात्याकडे ढकलायचे आणि पुन्हा फिरवायचे. त्यानंतर जाड, निबर गोळा तयार होतो, मिक्सरचा आवाज बदलतो आणि हे काही आता पातळ होत नाही असे वाटू लागते. पुष्कळ जण याच वेळी चमचाभर पाणी घालतात. तसे केल्यास बटर हातचे जाते, कारण पाणी लागताच दाण्याचे बारीक कण एकमेकांना घट्ट धरतात आणि तेलात सुटे होण्याऐवजी त्यांचा चिकट लगदा बनतो. गोळा दोन मिनिटे तसाच ठेवावा, कडा खरवडाव्यात आणि पुन्हा फिरवावे. थोड्या वेळाने तो सैल पडू लागतो, वर तकाकी येते आणि शेवटी चमच्यावरून जाड धारेने ओघळणारे बटर मिळते. दाणे फारच कोरडे असतील तर चमचाभर शेंगदाणा तेल घालण्यास हरकत नाही. दळण्यापूर्वी भांडे धुतलेले असेल तर ते पात्याखालीसुद्धा पूर्ण कोरडे झाले आहे ना, ते पाहावे.

मिक्सरला विश्रांती देत राहावे. जाड गोळ्यामुळे मोटरवर ताण येतो आणि मिक्सर मध्येच बंद पडू शकतो. अशा वेळी तो बिघडला असे समजू नये. बहुतेक घरगुती मिक्सरच्या तळाशी एक छोटे बटण असते, ते जास्त भार आल्यावर बाहेर येऊन वीज तोडते. प्लग काढावा, मोटर निवू द्यावी आणि ते बटण दाबून पुन्हा सुरू करावे.

मीठ आणि साखर बटरमध्ये घालू नये. ती पिठात घालायचीच आहेत.

बाजारचे पीनट बटर वापरायचे असेल तर डब्यावरील घटकांची यादी वाचावी. केवळ शेंगदाणे असलेले बटर घरच्यासारखेच वागते. त्यात तेल वर तरंगते आणि तळाशी घट्ट थर बसतो, तो आधी नीट ढवळून घ्यावा, नाहीतर वजन केलेल्या १३० ग्रॅममध्ये नुसते तेलच जास्त येईल. हायड्रोजनेटेड (प्रक्रिया करून घट्ट केलेले) तेल घातलेल्या बटरमध्ये तेल वेगळे होत नाही आणि ते ब्रेडला चालते. मात्र त्यात सहसा साखर आणि मीठही असते, म्हणून कृतीतील साखर पंधरा-वीस ग्रॅमने आणि मीठ निम्म्याने कमी करावे. चॉकलेट घातलेले प्रकार पहिल्या खेपेस टाळावेत.

४. कोरडे जिन्नस मोजा आणि बेकिंग पावडर तपासून पाहा

अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा चमचा बेकिंग पावडर टाकावी. ती जोराने फसफसली तर ठीक; दोन-चार बुडबुडे येऊन शांत झाली तर तो डबा टाकून द्यावा, मग त्यावरची मुदत संपलेली असो वा नसो. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा मुदतीच्या आतही निकामी होतो. बेकिंग पावडर नाही म्हणून तेवढाच खाण्याचा सोडा घालणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. सोड्याला काम करण्यासाठी आंबट पदार्थ लागतो आणि या कृतीत तो नाही. परिणामी ब्रेड नीट फुगत तर नाहीच, वर त्याला साबणासारखी चव येते.

चार चमचे बेकिंग पावडर पाहून हात आखडतो, हे खरे. पण येथे फुगवण्यासाठी अंडे नाही आणि पीनट बटरमुळे मिश्रण जड असते, म्हणून एवढी पावडर लागते. मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळावे, मग साखर मिसळावी. चाळणे टाळले तर पावडरीच्या बारीक गुठळ्या तशाच राहतात आणि कापल्यावर ब्रेडमध्ये पिवळट, खारट ठिपके सापडतात.

मैदा नको असेल तर पहिल्या वेळी निम्मी कणीक आणि निम्मा मैदा घ्यावा आणि दूध दोन-तीन मोठे चमचे वाढवावे. चक्कीची कणीक पाणी अधिक शोषते. संपूर्ण कणकेचा ब्रेड होतो, पण तो दाट आणि बसका होतो; तो नीट जमण्यासाठी मैद्याचा ब्रेड एकदा हाताखालून गेलेला बरा. साखरेऐवजी गूळ घालणाऱ्यांनी गूळ पावडर चाळून घ्यावी आणि दूध पूर्ण निवू द्यावे (फ्रिजमधले थंड मात्र नको), कारण गरम दुधात गूळ पडला की दूध फाटू शकते. परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना : तेथे ‘सेल्फ रेझिंग’ या नावाने मिळणाऱ्या पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, ते येथे वापरू नये, अमेरिकेत ‘ऑल पर्पज’ आणि ब्रिटनमध्ये ‘प्लेन’ लिहिलेले पीठ घ्यावे.

५. ओलावा लागण्यापूर्वी टिन आणि ओव्हन तयार ठेवा

टिनला तेलाचा हात लावून तळाशी आणि दोन्ही लांब बाजूंनी बेकिंग पेपर असा बसवावा, की त्याची टोके वर येतील आणि ब्रेड उचलायला धरता येतील. दुकानात ‘बटर पेपर’ या नावाखाली मेणाचा कागदही मिळतो. त्याचे मेण ओव्हनमध्ये वितळते, म्हणून पाकिटावर ओव्हनसाठी योग्य असल्याचा उल्लेख पाहून घ्यावा.

ओटीजी १६५ अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल सुरू ठेवून, किमान पंधरा मिनिटे तापवावा. मूळ कृतीत ३२५ अंश फॅरनहाइट दिले आहे, त्याचे हे सेल्सिअस रूप. टिनचा मध्य ओव्हनच्या मध्यावर येईल अशा बेताने जाळी खालच्या खाचेत लावावी. पंखा सुरू असेल तर १५० अंश पुरतात. मोठ्या ओटीजीचा प्लग सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटमध्ये लावू नये. २३० व्होल्टला त्यातून साधारण १,३८० वॉटच मिळू शकतात, आणि अनेक ओटीजी त्याहून अधिक वीज घेतात. अशांना सोळा अँपिअरचा पॉइंट हवा.

६. दूध आणि बटर एकत्र करा, मग पीठ मिसळा, आणि तेथेच थांबा

मोठ्या भांड्यात पीनट बटर घेऊन त्यात कोमट दूध तीन-चार मोठे चमचे घालावे आणि फेटावे. बटर लगेच आवळून येईल, त्याची चमक जाईल आणि ते फुटल्यासारखे दिसेल. तिसऱ्या पायरीवर पाण्याबद्दल दिलेला इशारा आठवून येथे घाबरू नये. तेव्हा थोडेच पाणी होते, आता भरपूर दूध यायचे आहे. थोडे-थोडे दूध घालून फेटत राहिले की ते पुन्हा सैल होते आणि शेवटी दाट लस्सीसारखे एकसंध मिश्रण तयार होते. फ्रिजमधले घट्ट बटर आणि गार दूध घेतल्यास मात्र गुठळ्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.

आता कोरडे जिन्नस एकदम घालून सपाट कालथ्याने तळापासून वर उचलत मिसळावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवावा. चार-दोन बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. फार वेळ ढवळत राहिले की मैद्यातील ग्लुटेन हे चिवट प्रथिन ताणले जाते आणि ब्रेड रबरासारखा चिवट होतो, आत लांबट पोकळ्या पडतात. पोळीच्या कणकेला मळण्याने मऊपणा येतो म्हणून येथेही थोडे मळावे, असा मोह ज्यांना होतो त्यांनी मिक्सर, बीटर आणि तळहात तिन्ही दूर ठेवावेत. मिश्रण केकच्या मिश्रणापेक्षा घट्ट असते : चमच्यातून आपोआप ओघळत नाही, झटका दिल्यावर गोळ्याने पडते. त्याहून घट्ट असेल तर दूध एक-एक चमचा वाढवावे.

ओलावा मिळताच बेकिंग पावडर काम सुरू करते, म्हणून मिश्रण लगेच टिनमध्ये भरावे, ओल्या चमच्याने वरचा भाग सारखा करावा आणि टिन ओव्हनमध्ये ठेवावा. टिन दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये.

७. भाजणे

पन्नास ते साठ मिनिटे लागतात. पहिली पस्तीस मिनिटे दार उघडू नये. त्यानंतर वरचा भाग गडद दिसू लागला तर त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर ठेवावी. साखर आणि दुधामुळे लहान ओटीजीत रंग लवकर येतो आणि आतला भाग मागे राहतो. माथ्यावर लांब भेग पडते, ती दोष नव्हे. बाहेरची कड आधी घट्ट होते आणि मधले मिश्रण नंतर वर ढकलले जाते, त्यामुळे ती पडते. पन्नासाव्या मिनिटाला लांब सुई किंवा पातळ सुरी मध्यभागी तळापर्यंत घालून पाहावी. ओले पीठ लागले तर आणखी आठ-दहा मिनिटे द्यावीत. नुसती तेलाची ओल किंवा दोन कोरडे कण लागले तर ब्रेड झाला. अन्नासाठीचा थर्मामीटर असल्यास मध्यभागी ९५ अंशांच्या आसपास तापमान हवे.

मायक्रोवेव्हमध्ये केवळ कन्व्हेक्शनचा पर्याय निवडावा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण अशी रचना करून दहा मिनिटे तापवावी आणि मंद ते मध्यम आचेवर ब्रेड भाजावा. यात वेळ जास्त लागतो आणि माथा फिकट राहतो. तो नंतर तव्यावर शेकून घेता येतो.

८. गार होईपर्यंत सुरी लावू नका

टिनमध्येच दहा मिनिटे ठेवून मग कागदाच्या टोकांना धरून ब्रेड उचलावा आणि जाळीवर ठेवावा. टिनमध्येच गार होऊ दिला तर कोंडलेल्या वाफेने तळ ओला होतो. आतला भाग गार होताना अजून घट्ट बसत असतो, म्हणून गरम कापल्यास सुरीला चिकटतो आणि कच्चा राहिला असा गैरसमज होतो. तास-दीड तास थांबावे. खरे तर हा ब्रेड दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो : दाण्याचा स्वाद खुलतो आणि काप न तुटता पडतात. एकदम पातळ काप करू नयेत, बोटाइतकी जाडी ठीक.

चव फार गोड नसते. पहिल्यांदा खाणाऱ्याला केकची अपेक्षा असेल तर तो निराश होईल, म्हणून ताटात ठेवतानाच जांभळाचा किंवा स्ट्रॉबेरीचा जॅम शेजारी द्यावा. शेंगदाणा म्हणून कुणी उपवासाला मागितला तर आतल्या मैद्याची आठवण करून द्यावी. पाहुण्यांना, विशेषतः मुलांना देण्यापूर्वी शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का हे न चुकता विचारावे. ही अॅलर्जी जिवावर बेतू शकते, आणि कापलेल्या ब्रेडकडे पाहून त्यात शेंगदाणा आहे हे कळत नाही.

९. साठवण

पूर्ण गार झालेला ब्रेड कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवल्यास दोन-तीन दिवस चांगला राहतो. कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात दुसऱ्या दिवसापासूनच बुरशीकडे लक्ष ठेवावे. फ्रिजमध्ये बुरशी लवकर येत नाही, पण पिठातील स्टार्च थंडीत लवकर कडक होतो आणि ब्रेड कोरडा लागतो. त्यापेक्षा काप करून, दोन कापांमध्ये बेकिंग पेपरचा तुकडा घालून, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. खाताना हवे तेवढेच काप काढून मंद आचेच्या तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शेकावेत. आच वाढवली तर दाण्याचे तेल आणि साखर यांमुळे कड लगेच करपते.